आख्ख्या गावाला एकच बंब!

हिवाळ्यात हॉस्टेलवर गरम पाण्यासाठी बादली घेऊन रांगेत उभे राहिलायत ना? आता कल्पना करा, बाहेर गुडघाभर बर्फ आहे आणि घरातल्या प्रत्येक खोलीत वेगळी शेगडी पेटवावी लागतेय. कोळसा आणा, राख काढा, धूर सोसा. वर रात्री ठिणगी उडून आग लागायची धास्ती. दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत हे रोजचंच होतं. यातून वाट काढली ती बर्डसिल हॉली या अवलियाने.

१८२० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न इथे त्याचा जन्म झाला. वडील लवकर गेले, शाळा सुटली आणि पोरवयातच तो कामाला लागला. यंत्रं उघडून बघतच तो इंजिनिअर झाला. आधी त्याने आगीच्या बंबांसाठी पंप बनवले. मग १८६३ मध्ये लॉकपोर्ट गावात नळांतून दाबाने पाणी खेळवून आगी विझवण्याची सोय केली.

पाणी नळाने घरोघरी जातं, तर ऊब का नाही जाणार? वाफ वाटेतच थंड होईल, ही खरी अडचण होती. हॉलीने प्रयोग स्वतःच्याच घरी केला. तळघरात बॉयलर बसवला, पाइपांना आवरण गुंडाळलं आणि ते अंगणात पुरून वाफ सोडली. जमलं की! १८७७ मध्ये लॉकपोर्टमधली घरं एकाच बॉयलरला जोडली गेली. तापल्यावर पाइप लांबतात, म्हणून त्याने खास सांधेही तयार केले.

१८८२ मध्ये न्यूयॉर्क शहरातही अशी वाफ पोचू लागली. मॅनहॅटनमध्ये ती आजही रस्त्याखालून वाहते. सुमारे दीडशे पेटंट नावावर असलेला हॉली १८९४ मध्ये गेला. आज त्याचं नाव किती जणांना माहितीये?

त्याची आयडिया मात्र जोरात आहे. डेन्मार्कमधली जवळपास दोन तृतीयांश घरं अशीच सामायिक ऊब वापरतात. आता कमी ऊर्जेत भागणारी नवी घरं आलीत. त्यांना लागणारी उष्णताच थोडी, त्यामुळे पाइपातली गळती जास्त महागात पडते. म्हणून तिथे वाफेऐवजी ५०-६० अंशांचं पाणी सोडतात. त्यासाठी कारखान्यांतली, डेटा सेंटरमधली वाया जाणारी उष्णताही चालते. म्हणजे बंब पेटवायचीही गरज नाही. हॉलीला हे ऐकून भारी वाटलं असतं!