सरोजिनी नायडू : महिलांसाठी मत मागितलं, पण राखीव जागा का नाकारल्या?

लोकसभा आणि विधानसभांमध्ये महिलांना ३३ टक्के आरक्षण देणारी घटनादुरुस्ती सप्टेंबर २०२३ मध्ये मंजूर झाली. पण हा वाद नवा नाही. ९० वर्षांपूर्वी इंग्रज सरकार महिलांना राखीव जागा द्यायला तयार होतं आणि त्याला ठाम विरोध करणाऱ्यांत सर्वांत मोठं नाव होतं सरोजिनी नायडूंचं. देशात महिलांच्या मताधिकाराची मागणी घेऊन सर्वांत आधी पुढे आलेल्यांपैकी एक असलेल्या नेत्याने असं का केलं? जाणून घेऊया.

कोण होत्या सरोजिनी नायडू?

जन्म १३ फेब्रुवारी १८७९, हैदराबाद. वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय शिक्षणतज्ज्ञ, त्यामुळे घरात मुलीच्या शिक्षणाला आडकाठी नव्हती. बाराव्या वर्षी त्या मॅट्रिक झाल्या. निजामाची शिष्यवृत्ती मिळवून लंडन आणि केंब्रिजमध्ये शिकल्या. १८९८ मध्ये त्यांनी डॉ. गोविंदराजुलू नायडू यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. कवयित्री म्हणून नाव झालं आणि पुढे 'भारत कोकिळा' ही ओळख कायमची चिकटली. त्यांचं राजकारण मात्र त्यामुळे मागे पडलं.

मताधिकाराची लढाई कशी सुरू झाली?

डिसेंबर १९१७ मध्ये भारतमंत्री माँटेग्यू मद्रासला आले होते. त्यांना भेटलेल्या महिला शिष्टमंडळाचं नेतृत्व सरोजिनींनी केलं. मागणी एकच होती : पुरुषांना ज्या अटींवर मत मिळतं, त्याच अटींवर महिलांनाही मिळावं. १९१८ च्या मुंबईतल्या काँग्रेस अधिवेशनात त्यांनी हाच ठराव मांडला. १९१९ मध्ये लंडनला जाऊन संसदीय समितीपुढे साक्षही दिली.

इंग्रज सरकारने निर्णय प्रांतांवर ढकलला. १९२१ मध्ये मद्रास आणि मुंबई प्रांतांनी महिलांना मताधिकार दिला. पण मालमत्तेची अट कायम राहिली आणि मालमत्ता बाईच्या नावावर क्वचितच असायची. निवडणूक लढवण्याची मुभा तर आणखी काही वर्षांनी मिळाली. १९२६ मध्ये सरोजिनींच्या भावजय कमलादेवी चट्टोपाध्याय मद्रास प्रांतात उभ्या राहिल्या आणि थोड्या मतांनी हरल्या.

मग राखीव जागांना विरोध का?

१९२५ मध्ये सरोजिनी काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. हे पद मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर त्यांनी धारासणाच्या मीठ सत्याग्रहाचं नेतृत्व केलं आणि येरवडा तुरुंगात गेल्या. १९३१ मध्ये त्या दुसऱ्या गोलमेज परिषदेला लंडनला पोहोचल्या.

पहिल्या परिषदेत बेगम शाहनवाज आणि राधाबाई सुब्बरायन यांनी महिलांसाठी काही काळ तरी खास तरतूद मागितली होती. सरोजिनींनी, आणि देशातल्या प्रमुख महिला संघटनांनी, वेगळी भूमिका घेतली. त्यामागे तीन कारणं होती :

• सर्व प्रौढांना मत मिळालं तर वेगळ्या सवलतीची गरज नाही.

• सवलत मागणं म्हणजे महिला कमी कुवतीच्या आहेत, हे स्वतःच मान्य करणं.

• राखीव जागा धर्मानुसार वाटल्या, तर महिलांमध्येही फूट पडणार.

तिसरी भीती लगेच खरी ठरली. १९३५ च्या कायद्याने प्रांतिक विधानसभांमध्ये महिलांना ४१ जागा दिल्या, त्याही धर्मानुसार विभागून. प्रौढ मताधिकार मात्र मिळाला नाही. म्हणजे जे नको होतं ते मिळालं आणि जे हवं होतं ते राहिलं.

शेवटची वर्षं

१९४२ च्या 'भारत छोडो' आंदोलनात त्या पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींसोबत स्थानबद्ध होत्या. पुढे त्या संविधान सभेवर निवडून गेल्या. तिथेही हंसा मेहता, रेणुका रे यांनी राखीव जागा नकोत, असंच सांगितलं. १५ ऑगस्ट १९४७ रोजी सरोजिनी संयुक्त प्रांताच्या, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशच्या, राज्यपाल झाल्या. देशातल्या पहिल्या महिला राज्यपाल. २ मार्च १९४९ रोजी लखनऊमध्ये त्यांचं निधन झालं. प्रौढ मताधिकाराची पहिली निवडणूक त्यांनी पाहिली नाही.

त्यांचा अंदाज कुठे चुकला?

मत मिळालं की प्रतिनिधित्व आपोआप येईल, असं गणित होतं. पण मत आणि सभागृह यांच्या मध्ये एक पायरी आहे, ती म्हणजे पक्षाची उमेदवारी. पहिल्या लोकसभेत महिला जेमतेम पाच टक्के होत्या. २०२४ मध्ये ५४३ पैकी ७४, म्हणजे साधारण १४ टक्के. त्या निवडणुकीत सुमारे ८,३६० उमेदवारांपैकी महिला होत्या सुमारे ८००. दहा उमेदवारांमागे एक महिलाही नाही.

यावर दोन उपाय आहेत. एक, मतदारसंघच राखीव करणं. २०२३ च्या कायद्याने हाच मार्ग घेतला, पण अंमलबजावणीला जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेची अट घातली. दुसरा, पक्षांनी तिकीट वाटपातच महिलांचा वाटा ठरवणं. त्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागत नाही. २०१९ मध्ये ओडिशात बिजू जनता दलाने २१ पैकी ७ जागांवर महिला दिल्या. ५ निवडून आल्या. तृणमूल काँग्रेसने बंगालमध्ये ४२ पैकी १७ जागी महिला उभ्या केल्या; ९ जिंकल्या.

महिला कुवतीत कमी नाहीत, हा सरोजिनींचा मुद्दा या निकालांनी खोडला नाही, उलट पक्का केला. तिकीट मिळालं तिथे महिला जिंकल्या. अडचण तिकीट मिळण्याची आहे आणि ते आजही पक्षाच्या हातात आहे.