मादाम क्यूरी यांची विद्यार्थिदशा

इ. स. १८९१ च्या नोव्हेंबर महिन्यात पोलंडमधील एक चोवीस वर्षांची तरुणी पॅरिस शहरात येऊन दाखल झाली. खर्चात बचत व्हावी म्हणून जर्मनीतून येताना तिने आगगाडीच्या चौथ्या वर्गाने प्रवास केला होता. त्या डब्यात बसण्याची नीट सोय नसे. म्हणून घडीची खुर्ची, अंथरूण-पांघरूण आणि वाटेत पुरतील एवढे खाद्यपदार्थ तिने घरूनच बरोबर घेतले होते. या तरुणीचे नाव मार्या स्क्लोदोव्स्का. पुढे मादाम क्यूरी या नावाने सारे जग जिला ओळखू लागले, ती हीच.

मार्याचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजी वॉर्सा येथे एका शिक्षकाच्या घरी झाला. त्या काळी पोलंड परतंत्र होता. वॉर्सावर रशियाच्या झारची सत्ता होती आणि तेथील विद्यापीठाची दारे स्त्रियांना बंद होती. मार्या आणि तिची थोरली बहीण ब्रोन्या या दोघींनाही शिकण्याची अनावर ओढ; पण वडिलांची मिळकत तुटपुंजी. तेव्हा दोघी बहिणींनी आपसांत एक करार केला. ब्रोन्याने प्रथम पॅरिसला जाऊन वैद्यकीचे शिक्षण घ्यावे, मार्याने परक्यांच्या घरी राहून मुलांना शिकवावे व तिला पैसे पाठवावे आणि ब्रोन्या मार्गी लागली की तिने मार्याला बोलावून घ्यावे, असे ठरले. मार्याने हा शब्द कित्येक वर्षे पाळला. ब्रोन्यानेही आपला शब्द पाळला.

पॅरिसमध्ये मार्या प्रथम ब्रोन्या आणि तिचे पती काझिमिएर्झ यांच्या बिऱ्हाडी उतरली. हे दांपत्य मोठे अगत्यशील होते. मायदेश सोडून आलेले पोलिश तरुण संध्याकाळी त्यांच्याकडे जमत. चहा होई, वादविवाद रंगत, गाणेबजावणे चाले. पुढे स्वतंत्र पोलंडचे पंतप्रधान झालेले विख्यात पियानोवादक पादेरेव्स्की हेही या मंडळींत असत. परदेशात हे घर म्हणजे जणू पोलंडचा एक लहानसा तुकडाच होता. पण तेथे अभ्यासाला निवांतपणा मिळत नसे आणि सोरबोन विद्यापीठात घोड्यांच्या गाडीने जाण्यास सुमारे एक तास लागे. म्हणून थोड्याच महिन्यांत मार्याने विद्यापीठाजवळ एक स्वस्त खोली भाड्याने घेतली.

ती खोली इमारतीच्या अगदी वर, छपराखाली होती. कोळशाच्या बादल्या मार्या स्वतःच सहा जिने चढून वर नेई. हिवाळ्यात रात्री तसराळ्यातील पाणी गोठून जाई. मग होते नव्हते तेवढे सर्व कपडे ती पांघरुणावर रचून झोपे. दिवा व कोळसा वाचावा म्हणून संध्याकाळी ती सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन बसे आणि ते रात्री दहा वाजता बंद झाले म्हणजे खोलीवर परते. स्वयंपाकात वेळ घालवणे तिच्या जिवावर येई. पाव, लोणी आणि चहा एवढ्यावर तिचे दिवसच्या दिवस जात.

एके दिवशी ती मैत्रिणीसमोर मूर्च्छा येऊन पडली. बातमी कळताच काझिमिएर्झ धावत आले. ते स्वतः डॉक्टर होते. खोलीतील रिकामी भांडी पाहताच दुखणे कोणते, हे त्यांच्या ध्यानात आले. आदल्या दिवसापासून मार्याच्या पोटात थोडे मुळे आणि मूठभर चेरी यांखेरीज काहीच गेले नव्हते. त्यांनी तिला तडक घरी नेले. ब्रोन्याने तिला चांगले खाऊ घातले आणि काही दिवस सक्तीची विश्रांती घ्यावयास लावली.

अशा कष्टांतून १८९३ साली मार्या पदार्थविज्ञानाच्या परीक्षेत पहिली आली. पुढच्या वर्षी गणिताच्या परीक्षेत तिने दुसरा क्रमांक मिळवला. त्यासाठी तिला मायदेशातून सहाशे रूबलांची शिष्यवृत्ती मिळाली होती. ती परत करण्याची अट नव्हती. तरी स्वतःची पहिली मिळकत हाती येताच तिने थोडे थोडे बाजूस टाकून ती सर्व रक्कम फेडली. आपल्यासारखीच एखादी गरजू विद्यार्थिनी त्या पैशांची वाट पाहत असेल, असा विचार तिच्या मनात होता.

शिक्षण संपताच मायदेशी परतावे, वृद्ध वडिलांजवळ राहावे आणि आपल्या लोकांना शिकवावे, असा मार्याचा निश्चय होता. पण १८९४ च्या वसंत ऋतूत पिएर क्यूरी या फ्रेंच शास्त्रज्ञाशी तिचा परिचय झाला. पिएर अबोल, साधे आणि विज्ञानाला वाहून घेतलेले होते. त्यांनी तिला मागणी घातली तेव्हा ती मोठ्या पेचात पडली. फ्रेंच माणसाशी विवाह करणे म्हणजे मायभूमीला अंतरणे होय, असे तिला वाटे. पिएर यांनी तर पोलंडला येऊन राहण्याचीही तयारी दाखवली. त्यांचा असा त्याग तिला मान्य नव्हता. बराच काळ विचार करून अखेर तिने होकार दिला.

२६ जुलै १८९५ रोजी अगदी साधेपणाने विवाह झाला. लग्नाचा पोशाखसुद्धा तिने गडद रंगाचा निवडला. कारण तो पुढे प्रयोगशाळेत वापरता येणार होता. भेट म्हणून मिळालेल्या पैशांतून दोघांनी दोन सायकली विकत घेतल्या आणि त्यांवरून ती खेडोपाडी हिंडून आली. मार्या आता मेरी क्यूरी झाली.

त्यांचे बिऱ्हाड तीन खोल्यांचे होते. पाहुण्यांनी फार वेळ बसू नये म्हणून की काय, एका टेबलाशी दोनच खुर्च्या मांडलेल्या असत! मेरीबाई पै न् पै वहीत टिपून ठेवीत. मंद आचेवर शिजणारे पदार्थ त्यांनी मुद्दाम शिकून घेतले. सकाळी भांडे चुलीवर चढवावे, ज्योत अचूक बारीक करावी आणि प्रयोगशाळा गाठावी, असा त्यांचा परिपाठ असे. सप्टेंबर १८९७ मध्ये आयरीनचा जन्म झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत पिएर यांच्या मातोश्री वारल्या आणि वडील मुलाच्या घरी राहावयास आले. नातीला त्यांनी लळा लावला. आजोबांचा हा आधार मिळाला म्हणूनच मेरीबाईंना डॉक्टरेटसाठी संशोधन हाती घेता आले.

बेकरेल या शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये युरेनियमपासून निघणाऱ्या अदृश्य किरणांचा शोध लावला होता. मेरीबाईंनी तोच विषय निवडला. पिचब्लेंड या खनिजातून निघणारे किरण त्यातील युरेनियमच्या मानाने फारच प्रबळ आहेत, असे त्यांना आढळून आले. त्यात एखादे अज्ञात मूलद्रव्य दडलेले असावे, असा त्यांनी तर्क केला. विषयाचे महत्त्व ओळखून पिएर यांनी स्वतःचे संशोधन बाजूस ठेवले व तेही या कामात सामील झाले. जुलै १८९८ मध्ये एका नव्या मूलद्रव्याचा शोध जाहीर झाला. मेरीबाईंनी त्याला पोलोनियम हे नाव दिले. नकाशावरून पुसल्या गेलेल्या आपल्या देशाचे नाव त्यांनी अशा रीतीने विज्ञानाच्या ग्रंथांत कायमचे कोरले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रेडियमचा शोध लागला.

मात्र शुद्ध रेडियम हाती आल्यावाचून रसायनशास्त्रज्ञांची खात्री पटणार नव्हती. कामासाठी जागा मिळाली ती एका पडक्या शेडची. तिचे काचेचे छप्पर पावसात गळत असे. तेथे मेरीबाई एका वेळी वीस किलोपर्यंत माल मोठ्या भांड्यात उकळीत आणि जवळजवळ स्वतःएवढ्या उंच लोखंडी कांबीने तासन् तास ढवळीत. पेराँ, लांजव्हँ, दबिएर्न हे तरुण शास्त्रज्ञ स्नेही या दांपत्याच्या घरी येत आणि बागेतील गप्पांतून प्रयोगांच्या अडचणींचा ऊहापोह होई. आयरीन निजल्यावर कधी रात्री पतिपत्नी त्या शेडमध्ये जात. अंधारात फळ्यांवरील नळ्या मंद निळसर प्रकाशाने चमकताना पाहून त्यांचा शीण निघून जाई. ते किरण शरीराला किती घातक आहेत, हे मात्र त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. दोघांची बोटे भाजत आणि थकवा हटत नसे. तरी काम थांबले नाही. १९०२ साली, कित्येक टन मालातून, एक दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड हाती आले.

२५ जून १९०३ रोजी मेरीबाईंनी सोरबोनमध्ये आपला प्रबंध परीक्षकांपुढे मांडला. त्यासाठी ब्रोन्या पोलंडहून मुद्दाम आली आणि तिने बहिणीला आग्रहाने नवा पोशाख घ्यावयास लावला. त्याच वर्षी क्यूरी पतिपत्नी व बेकरेल यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मायदेशाचे ऋण मेरीबाई विसरल्या नाहीत. १९१८ मध्ये पोलंड स्वतंत्र झाला. १९३२ साली वॉर्सा येथे रेडियम संस्थेचे उद्घाटन झाले, तेव्हा कर्करोग्यांच्या उपचारांसाठी त्यांनी एक ग्रॅम रेडियम तेथे दिले. त्या संस्थेची पहिली संचालिका ब्रोन्या होती. दोन वर्षांनी, ४ जुलै १९३४ रोजी, मेरीबाईंचे निधन झाले. वर्षानुवर्षे अंगावर झेललेल्या किरणांनी त्यांचे रक्त क्षीण झाले होते. त्यांच्या टिपणवह्या अजूनही किरण बाहेर टाकतात. म्हणून त्या शिशाचे अस्तर असलेल्या पेट्यांत ठेवलेल्या आहेत. वॉर्सातील ती संस्था मात्र दोन गरीब बहिणींनी एके काळी एकमेकींना दिलेल्या शब्दाची साक्ष देत उभी राहिली.