हेन्री कॅप्लन : ज्यांनी हॉजकिन्स बरा केला आणि त्याची किंमतही मोजून ठेवली

ऐन विशीत मानेवर एक गाठ येते. दुखत नाही, म्हणून काही आठवडे दुर्लक्ष होतं. मग संध्याकाळी बारीक ताप येऊ लागतो, रात्री घामाने कपडे भिजतात, वजन उतरतं. तपासणीत निदान होतं : हॉजकिन्स लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग.

आज या आजाराचे बहुतांश रुग्ण बरे होतात. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी मात्र हे निदान म्हणजे जवळपास मृत्यूची तारीखच असायची. हे चित्र बदलण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्यात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डॉ. हेन्री कॅप्लन यांचं नाव अगदी वर येतं. पण त्यांची गोष्ट फक्त विजयाची नाही. त्यांनी वाचवलेल्या माणसांना दहा, वीस, तीस वर्षांनी वेगळेच आजार गाठू लागले. आणि ते आजार कळले, तेही बऱ्याच अंशी कॅप्लन यांच्या एका सवयीमुळे.

शिकागो ते स्टॅनफर्ड

कॅप्लन यांचा जन्म 1918 साली शिकागोत झाला. वडील दंतवैद्य होते. हेन्री शिकत असतानाच ते फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेले. 1940 साली हेन्री शिकागोच्या रश मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले आणि रेडिओलॉजीकडे वळले. 1948 साली, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, ते स्टॅनफर्डच्या रेडिओलॉजी विभागाचे प्रमुख झाले.

त्या काळी रेडिओलॉजिस्ट म्हणजे एक्स-रे काढून देणारा माणूस, असाच समज होता. किरणोपचाराने कर्करोग मुळापासून बरा होईल, असं फार थोड्यांना वाटत असे. कॅप्लन त्या थोड्यांपैकी होते.

उंदरांनी आधीच सांगितलं होतं

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. किरणांनी कर्करोग बरा करायला निघालेला हा माणूस प्रयोगशाळेत उंदरांवर नेमका उलटा अभ्यास करत होता. ठरावीक जातीच्या उंदरांना एक्स-किरणांचा मारा केला, की काही महिन्यांनी त्यांना लिम्फोमा होत असे. मारा करताना मांडीचा भाग झाकून तिथली अस्थिमज्जा वाचवली, तर हा धोका कमी होतो, हेही त्यांनी दाखवून दिलं.

म्हणजे किरण कर्करोग मारतात आणि कर्करोग घडवूही शकतात, हे कॅप्लन यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

भली मोठी मशीन

जुन्या एक्स-रे यंत्रांची अडचण अशी, की त्यांचे किरण खोलवर पोहोचत नसत. गाठीपर्यंत पुरेसा डोस जाण्याआधीच वरची कातडी भाजून निघे. त्याच वेळी स्टॅनफर्डमध्ये एडवर्ड गिन्झटन आणि इतर भौतिकशास्त्रज्ञ अणूंच्या अभ्यासासाठी लिनिअर ॲक्सिलरेटर, म्हणजे इलेक्ट्रॉनना प्रचंड वेग देणारी यंत्रं बनवत होते. हेच तंत्र रुग्णांसाठी वापरता येईल, असं कॅप्लन यांच्या मनाने घेतलं आणि दोघे कामाला लागले.

ब्रिटनमध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात 1953 साली असं यंत्र सुरू झालं होतं. अमेरिकेतला पहिला रुग्ण 1956 च्या जानेवारीत स्टॅनफर्डच्या यंत्राखाली आला. डोळ्याच्या कर्करोगाने एक डोळा गमावलेला तो एक लहान मुलगा होता. त्याचा दुसरा डोळा वाचला. आज आपल्याकडच्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत दिसणारी लिनॅक मशीन याच घराण्यातली.

हॉजकिन्सच का?

हॉजकिन्सचा एक स्वभाव आहे. तो बहुतेक वेळा शिस्तीत पसरतो, एका ग्रंथीसमूहातून शेजारच्या समूहात. मग दिसणाऱ्या गाठीबरोबर शेजारच्या ग्रंथींवरही किरण टाकले तर? या विचाराचा पाया इतरांनी घातला होता. कॅनडाच्या डॉ. व्हेरा पीटर्स यांनी 1950 साली आकडेवारीसह दाखवलं होतं, की अशा उपचाराने सुरुवातीच्या टप्प्यातले बरेच रुग्ण वर्षानुवर्षं जगतात. पण बऱ्याच डॉक्टरांना ते पटत नव्हतं.

कॅप्लन यांनी ही कल्पना टोकापर्यंत नेली. हनुवटीपासून मान, काखा आणि छातीचा मधला भाग, असा अंगावर घेतलेल्या शालीसारखा पट्टा, आणि गरज पडल्यास पोटापासून जांघेपर्यंतचा भाग. डोस साधारण 40 ते 44 ग्रे. 1962 पासून त्यांनी सहकारी डॉ. सॉल रोझेनबर्ग यांच्यासोबत रुग्णांचे चिठ्ठी टाकल्यासारखे गट पाडून शास्त्रशुद्ध चाचण्या सुरू केल्या. आजार पोटात लपलाय का हे पाहण्यासाठी शस्त्रक्रिया करून पाणथरी, म्हणजे प्लीहा, काढून तपासली जाई.

दुसरीकडे अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. व्हिन्सेंट डेव्हिटा आणि सहकाऱ्यांनी चार औषधांचं मॉप हे मिश्रण 1964 पासून वापरायला सुरुवात केली. पसरलेला हॉजकिन्सही केमोने बरा होऊ लागला. स्टॅनफर्डनेही किरण आणि केमो एकत्र वापरून पाहिले. असाध्य मानलेला आजार आटोक्यात आला. 1972 साली कॅप्लन अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडले गेले. हा मान मिळवणारे ते पहिले रेडिओलॉजिस्ट.

पण रुग्ण बरा झाला म्हणजे काम संपलं का?

कॅप्लन यांच्या लेखी नाही. बरे झालेले रुग्ण पुन्हा पुन्हा तपासणीला बोलावले जात आणि प्रत्येकाची नोंद ठेवली जाई. त्या नोंदींतून नको असलेल्या गोष्टीही वर येऊ लागल्या.

1967 साली स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी किरणोपचारानंतर हृदयविकार झालेल्या 25 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लेखकांत स्वतः कॅप्लन होते. छातीवर टाकलेले किरण हृदयाच्या आवरणाला आणि स्नायूंना इजा करत होते. पुढे हृदयासमोर शिशाचे ठोकळे ठेवून शक्य तितका भाग झाकला जाऊ लागला.

मुलांच्या बाबतीत वेगळंच दुखणं होतं. किरण लागलेली हाडं नीट वाढत नसत, खांदे अरुंद राहत, मान बारीक होई. म्हणून स्टॅनफर्डमध्ये 1970 च्या दशकात मुलांसाठी किरणांचा डोस 15 ते 25 ग्रेपर्यंत उतरवून सोबत केमो देण्याचा मार्ग निवडला गेला.

तरुण मुलींच्या ओटीपोटावर किरण टाकायचे झाल्यास बीजांडकोश शस्त्रक्रियेने मध्यभागी हलवून झाकले जात, म्हणजे पुढे आई होण्याची शक्यता राही. मॉप केमो घेतलेल्या बहुतेक पुरुषांना मात्र नंतर मूल होत नसे. या औषधांनी अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींच्या डीएनएलाही धक्का बसे, आणि काही रुग्णांना थोड्याच वर्षांत रक्ताचा कर्करोग होई. पाणथरी काढलेल्यांना न्यूमोकोकससारख्या जंतूंचा गंभीर संसर्ग होण्याचा धोका आयुष्यभर राही.

हिशेब पूर्ण झाला तो कॅप्लन गेल्यावर

4 फेब्रुवारी 1984 रोजी, 65 व्या वर्षी, कॅप्लन फुफ्फुसाच्या कर्करोगानेच गेले. त्यांच्या नोंदवह्या मात्र बोलत राहिल्या.

1988 साली स्टॅनफर्डच्या 1507 रुग्णांचा अभ्यास आला. उपचारानंतर 15 वर्षांत दुसरा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे 17.6 टक्के निघाली. 1991 साली दिसलं, की 20 वर्षांत निम्म्याहून अधिक रुग्णांना थायरॉइडची काही ना काही तक्रार होते, कारण ही ग्रंथी बरोबर किरणांच्या वाटेत, गळ्यात असते. 1993 च्या अभ्यासात 885 स्त्रियांपैकी 25 जणींना नंतर स्तनाचा पसरणारा कर्करोग झालेला आढळला. ज्यांना लहान वयात, स्तनांची वाढ होण्याच्या सुमारास किरण दिले गेले, त्यांचा धोका सगळ्यात जास्त होता. त्याच वर्षीच्या आणखी एका अभ्यासात हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सर्वसामान्य लोकांच्या सुमारे तिप्पट दिसला.

हे इतक्या उशिरा का कळलं? कारण किरणांमुळे होणारा गाठीचा कर्करोग सहसा दहा-पंधरा वर्षांनी डोकं वर काढतो. हृदयाच्या रक्तवाहिन्याही हळूहळू अरुंद होतात. दोन-चार वर्षांत रुग्ण दगावत होते, तोवर हे आजार दिसायला वेळच मिळत नव्हता. माणसं जगली, म्हणून दुष्परिणाम दिसले.

या आकड्यांनी काय बदललं?

बरंच काही. मॉपच्या जागी इटलीतल्या मिलानचे डॉ. जियानी बोनादोना यांनी 1970 च्या दशकात तयार केलेलं एबीव्हीडी आलं. त्यात वंध्यत्व आणि रक्ताच्या कर्करोगाचा धोका बराच कमी आहे. अर्थात तेही निर्धोक नाही. त्यातलं डॉक्सोरुबिसिन हृदयाला आणि ब्लिओमायसिन फुफ्फुसांना त्रास देऊ शकतं. पाणथरी काढणं थांबलं, तिचं काम स्कॅन करू लागले. किरणांचा भाग फक्त बाधित ग्रंथींपुरता आणि डोस बहुधा 20 ते 30 ग्रेवर आला. काही रुग्णांना पेट स्कॅन चांगला आल्यास किरण किंवा ब्लिओमायसिन वगळता येतं.

मग कॅप्लन यांनी जास्तच डोस दिला, असं म्हणायचं का? आज मागे वळून पाहताना तसं वाटू शकतं. पण तेव्हा समोरच्या तरुणापुढे पर्याय होता तो वीस वर्षांनी येऊ शकणारा धोका किंवा वर्षा-दोन वर्षांत जवळपास नक्की मरण. आधी आजार हरवणं आणि मग उपचार सौम्य करणं, हाच क्रम शक्य होता. तो सौम्य करायला लागणारी माहिती जुन्या रुग्णांच्या शरीरांनी पुरवली.

तुमच्या घरात कुणी यातून बरं झालं असेल तर

उपचारांचा कागद जपून ठेवा : कोणती औषधं, किती डोस, किरण कुठे आणि किती. वीस वर्षांनी धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर वय लहान असलं तरी हा इतिहास डॉक्टरांना सांगा. मानेवर किरण घेतले असतील तर थायरॉइडची रक्ततपासणी दरवर्षी करावी. छातीवर तरुणपणी किरण घेतलेल्या स्त्रियांनी स्तनतपासणी चाळिशीची वाट न पाहता, डॉक्टरांच्या सल्ल्याने लवकर सुरू करावी. तंबाखू आणि सिगारेट पूर्ण बंद, कारण किरण आणि धूर मिळून फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढवतात. पाणथरी काढली असेल तर लसी वेळेवर घ्याव्यात आणि ताप अंगावर काढू नये. उपचार अजून सुरू व्हायचे असतील, तर पुढे मूल हवं असल्याचं आधीच बोलून ठेवावं.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात बालपणी कर्करोगातून बरे झालेल्यांसाठी 1991 पासून असा खास पाठपुरावा दवाखाना चालतो. विचार तोच आहे, जो कॅप्लन यांच्या नोंदवह्यांत होता : रुग्ण बरा होऊन घरी गेला, तरी त्याची फाइल बंद करायची नाही.