रेव्ह. योहान रेबमन

आफ्रिकेतील किलिमांजारो पर्वताच्या दक्षिण पायथ्याशी मोशी हे प्रांताच्या कारभाराचे ठाणे आहे. त्या मुलखात प्रथम गेलेले मिशनरी रेव्ह. योहान रेबमन यांचा जन्म १८२० साली जर्मनीत झाला. १८४६ मध्ये ते मोंबासास आले. ११ मे १८४८ रोजी त्यांस पर्वताच्या माथ्यावर बर्फ दिसले. विषुववृत्ताजवळ बर्फ कसे असेल, असे म्हणून लंडनच्या एका पंडिताने त्यांचे म्हणणे खोटे ठरविले. परंतु १८६२ पर्यंत दुसऱ्या प्रवाशांनीही तेच पाहिले.

रबाई येथे रेबमन यांस थोडेच फळ दिसले. १८६४ साली त्यांच्या साहाय्यास विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर गेले. हे गुलामगिरीतून सुटलेले आफ्रिकी बंधू, दिंडोरीच्या दक्षिणेस नाशिक येथील शरणपुरात शिकलेले. १८८५ मध्ये उभयतांस डीकनची दीक्षा मिळाली.

१८६६ साली रेबमन यांची पत्नी वारली. पुढे त्यांची दृष्टीही गेली. तरी १८७५ पर्यंत त्यांनी आपले ठाणे सोडले नाही. ४ ऑक्टोबर १८७६ रोजी ते मायदेशी निवर्तले.

बंधुजनहो, लहान मंडळीच्या सेवकाने खचू नये. साहाय्य कोठून येईल, हे रेबमन यांस तरी कोठे ठाऊक होते?