फ्रेडी मर्क्युरी : प्रकाश आणि मौन

फारोख बुलसारा याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबार येथे एका पारशी कुटुंबात झाला. कुटुंब मूळचे गुजरातेतले. बुलसार म्हणजे आजचे वलसाड, आणि त्या गावाची खूण आडनावात राहिली होती. वडील बोमी ब्रिटिश वसाहती सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. इराणातून गुजरात, गुजरातेतून आफ्रिकेचा किनारा आणि पुढे लंडन असा या घराण्याचा प्रवास झाला. जगाने फ्रेडी मर्क्युरी या नावाने ज्याला ओळखले, त्याच्या चरित्राची पार्श्वभूमी ही अशी स्थलांतरांची आहे.

वयाच्या आठव्या वर्षी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत पाठविण्यात आले. आईवडील समुद्रापलीकडे असल्याने त्याच्या सुट्ट्या बहुधा मुंबईच्या नातलगांकडे जात. पियानोचे पद्धतशीर शिक्षण त्याला पाचगणीतच मिळाले. शाळासोबत्यांनी ‘फ्रेडी’ हे नाव दिले तेही येथेच. १९५८ च्या सुमारास त्यांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद काढला. त्यात तो मुख्य गायक नव्हता, पियानोवादक होता. १९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. परंतु जानेवारी १९६४ मध्ये तेथे क्रांती झाली, आणि बुलसारा कुटुंब लंडनजवळच्या फेल्टम येथे येऊन राहिले.

ईलिंगच्या कलाशाळेतून त्याने १९६९ मध्ये आरेखनकलेची पदविका घेतली. केन्सिंग्टनच्या बाजारात जुने कपडे विकून त्याने काही काळ गुजराण केली. १९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्यासह त्याने नवा वाद्यवृंद उभारला. जॉन डीकन पुढील वर्षी त्यात आला. ‘क्वीन’ हे नाव त्याचेच, बोधचिन्हाचे रेखाटनही त्याचेच. इंग्रजी बोलीत हा शब्द समलिंगी पुरुषांसाठीही, बहुधा हेटाळणीने, वापरला जाई, याची त्याला पूर्ण जाणीव होती. याच सुमारास त्याने ‘मर्क्युरी’ हे आडनाव धारण केले.

१९७५ मध्ये ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ आले. सुमारे सहा मिनिटांच्या या रचनेत विलापगीत, ऑपेरा आणि कर्कश रॉक हे तीन परस्परविरोधी प्रकार एकत्र नांदतात. एवढे लांब गीत नभोवाणीवर चालणार नाही असा जाणकारांचा होरा होता. प्रत्यक्षात ते ब्रिटनमध्ये नऊ आठवडे अग्रस्थानी राहिले.

रंगमंचावर मर्क्युरीने काहीही झाकले नाही. घट्ट चकचकीत वेश, रंगवलेली नखे, पुढे राजमुकुट आणि झूल, १९८० नंतर मिशा आणि आखूड केस. खाजगी आयुष्याविषयी मात्र तो विनोदाच्या आडून बोले. इंग्लंडमध्ये १९६७ च्या कायद्याने प्रौढ पुरुषांमधील खाजगी संबंध गुन्हा राहिले नव्हते. समाजाची दृष्टी मात्र कायद्याइतकी बदलली नव्हती. १९७६ च्या सुमारास त्याने आपली सहचरी मेरी ऑस्टिन हिला सत्य सांगितले. दांपत्यजीवन संपले, स्नेह संपला नाही. आपले घर त्याने मृत्युपत्रान्वये तिलाच दिले. अखेरच्या वर्षांत जिम हटन हा त्याचा जोडीदार होता.

त्याच्या कारकीर्दीत दोषस्थळेही आहेत. १९८४ मध्ये वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेवरील सांस्कृतिक बहिष्कार मोडून ‘क्वीन’ने सन सिटी येथे कार्यक्रम केले, आणि त्याबद्दल झालेली टीका रास्तच होती. वर्णावरून होणारे अपमान ज्या कुटुंबाला अपरिचित नसावेत, त्यातल्या पुत्राकडून ही अपेक्षा नव्हती. पुढील वर्षी, १३ जुलै १९८५ रोजी, वेम्बलीच्या मैदानावर दुष्काळनिधीसाठी त्याने अवघ्या २१ मिनिटांत सुमारे ७२ हजार श्रोत्यांना एका आवाजात गावयास लावले.

१९८७ मध्ये त्याला एड्सचे निदान झाले. त्याच सुमारास तो ऑपेरागायिका मोन्सेरात कबाये हिच्यासह ‘बार्सेलोना’ या रचनेवर काम करीत होता. शक्ती ओसरत असतानाही तो माँत्रो येथे ध्वनिमुद्रण करीत राहिला. वृत्तपत्रांनी त्याच्या दारापुढे पाळत ठेवली. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आजाराची जाहीर कबुली दिली, आणि दुसऱ्याच दिवशी, वयाच्या ४५ व्या वर्षी, त्याचे निधन झाले.

त्याने आधी बोलावयास हवे होते काय, हा प्रश्न पुष्कळांनी विचारला. त्याच्या एका शब्दाने हजारो रुग्णांची लाज हलकी झाली असती, हे खरे. तथापि १९८८ च्या ब्रिटिश कायद्याने शाळांतून समलैंगिकतेच्या ‘प्रसारा’ला बंदी घातली होती, आणि रोगाला पाप ठरविणाऱ्यांचा आवाज मोठा होता. अशा काळात मौनाचा दोष एकट्या रुग्णाच्या माथी मारणे न्यायाचे नाही. ज्या समाजाला त्याचा साज हवा होता पण सत्य नको होते, त्या समाजाचाही त्या मौनात वाटा होता.

त्याचे अंत्यसंस्कार पारशी धर्मगुरूंनी केले. १९९२ मध्ये वेम्बलीवर त्याच्या स्मरणार्थ मोठी मैफल झाली, आणि त्याच्या नावाने एड्सग्रस्तांसाठी मर्क्युरी फीनिक्स न्यास स्थापन झाला. माँत्रोच्या सरोवराकाठी त्याचा पुतळा १९९६ पासून हात उंचावून उभा आहे. रक्षा कोठे विसर्जित झाली, हे मात्र त्याच्याच इच्छेने जाहीर करण्यात आले नाही.