अण्णा भाऊ साठे

तुकाराम भाऊराव साठे ऊर्फ अण्णा भाऊ साठे (१ ऑगस्ट, १९२० – १८ जुलै, १९६९) हे मराठी शाहीर, कादंबरीकार, कथाकार व लोकनाट्यकार होते. पोवाडा, लावणी, छक्कड आणि तमाशा या लोकप्रकारांतून त्यांनी मुंबईतील कामगारांचे व दलितांचे जीवन मांडले. संयुक्त महाराष्ट्र चळवळीतील प्रमुख शाहिरांमध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांची गणना होते.

बालपण व मुंबईतील जीवन

अण्णा भाऊंचा जन्म तत्कालीन सातारा (सध्याच्या सांगली) जिल्ह्यातील वाटेगाव येथे मातंग कुटुंबात झाला. ब्रिटिश राजवटीत या समाजावर गुन्हेगार जमातीचा शिक्का होता. शाळेतील जातिभेदामुळे त्यांचे औपचारिक शिक्षण जेमतेम दीड दिवसाचे झाले. १९३१ च्या सुमारास ते कुटुंबासह पायी मुंबईस गेले. तेथे त्यांनी हमाली, फेरीवाल्याचे काम व गिरणीकाम केले. दुकानांच्या पाट्या व चित्रपटांची भित्तिपत्रके वाचत त्यांनी अक्षरओळख वाढविली. धारावीलगतच्या माटुंगा लेबर कँपमध्ये त्यांचा कम्युनिस्ट चळवळीशी संबंध आला व तेथेच त्यांच्या शाहिरीला सुरुवात झाली. पुढे घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत त्यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते.

लाल बावटा कलापथक

दुसऱ्या महायुद्धातील स्टालिनग्राडच्या लढाईवरील पोवाड्याने अण्णा भाऊ कामगार वस्त्यांत परिचित झाले. १९४४ मध्ये त्यांनी अमर शेख व गवाणकर यांच्यासमवेत लाल बावटा कलापथक स्थापन केले. डफ, तुणतुणे व ढोलकी एवढ्या सामग्रीवर हे पथक चाळींच्या पटांगणांत, गिरण्यांच्या दारांत आणि खेड्यापाड्यांत कार्यक्रम करीत असे.

तमाशाच्या पारंपरिक रचनेत अण्णा भाऊंनी मूलभूत बदल केले. गणात गणपतीऐवजी मातृभूमी, श्रमिक व हुतात्मे यांना वंदन येऊ लागले, तर गौळण वगळण्यात आली. वगात सावकार, भांडवलदार व निवडणुकीतील उमेदवार ही समकालीन पात्रे आली. तत्कालीन मुंबई सरकारने या पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. तथापि हा प्रकार लोकनाट्य या नावाने पुढे चालू राहिला. ‘अकलेची गोष्ट’ व ‘लोकमंत्र्यांचा दौरा’ ही त्यांची गाजलेली लोकनाट्ये होत.

पठ्ठे बापूरावांच्या लावणीत मुंबईचे वैभव वर्णिले होते. अण्णा भाऊंच्या ‘मुंबईची लावणी’त मलबार हिलची श्रीमंती आणि परळची कष्टकरी वस्ती समोरासमोर उभ्या राहतात. ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत पोटासाठी शहरात आलेला नवरा गावी राहिलेल्या पत्नीच्या आठवणीने व्याकुळ होतो. पुढे हाच विरह बेळगाव, कारवार हे मराठी मुलूख महाराष्ट्राबाहेर राहिल्याच्या दुःखाशी जोडला जातो. त्यामुळे ही रचना संयुक्त महाराष्ट्र चळवळीच्या सभांमध्ये विशेष लोकप्रिय ठरली.

साहित्य

अण्णा भाऊंनी सुमारे ३५ कादंबऱ्या लिहिल्या; त्याशिवाय कथासंग्रह, नाटके व ‘माझा रशियाचा प्रवास’ हे प्रवासवर्णनही लिहिले. ‘फकिरा’ (१९५९) ही कादंबरी त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. दुष्काळात धान्य लुटून उपाशी लोकांना जगविणाऱ्या मातंग वीराची ही कथा असून, तिला १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. १९५८ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले. एवढी कीर्ती लाभूनही त्यांचे अखेरचे दिवस दारिद्र्यात गेले. गोरेगाव येथे वयाच्या ४९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वारसा

अण्णा भाऊंच्या शाहिरीची परंपरा पुढील काळात दलित व कामगार चळवळींतील कलापथकांनी चालविली. ही शाहिरी आणि हिप-हॉप यांच्यात काही ठळक साम्ये आढळतात. हिप-हॉप संस्कृती १९७३ च्या सुमारास न्यू यॉर्कमधील ब्रॉन्क्स या गरीब वस्तीत कृष्णवर्णीय, कॅरिबियन व लॅटिन तरुणांमध्ये उदयास आली. दोन्हींत वस्तीची बोली हीच काव्याची भाषा असते, ठेक्यावर शब्द पेलले जातात, साधने मोजकी असतात आणि श्रोता हा कलावंताच्याच वस्तीतील असतो. दोन्हींचा उगम स्वतंत्र आहे. मात्र शिक्षण व साधने नाकारल्या गेलेल्यांनी शब्द आणि ताल यांच्या बळावर स्वतःचे म्हणणे मांडणे हे दोहोंच्या टिकाऊपणाचे समान कारण दिसते. लेबर कँपलगतच्या धारावीत २०१० नंतरच्या दशकात रॅप गाणाऱ्या तरुणांचे गट उदयास आले. झोपडपट्टी, जात, पोलीस व बेरोजगारी हे विषय त्या परिसरातून पुन्हा तालावर मांडले जाऊ लागले.

भारतीय टपाल खात्याने २००२ मध्ये अण्णा भाऊंच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. २०२२ मध्ये मॉस्को येथे त्यांचा अर्धपुतळा बसविण्यात आला. त्यांची जयंती दरवर्षी १ ऑगस्ट रोजी महाराष्ट्रभर साजरी केली जाते.