शाळा अंगणात नेणाऱ्या ताराबाई : बोर्डी-कोसबाडची गोष्ट

गावात अंगणवाडी कुठे आहे हे कुणालाही विचारा, लगेच हात करून दाखवतील. पोरांची खिचडी, वजनाचा काटा, पोलिओचा डोस, गरोदर बाईची नोंद, निवडणूक आली की मतदार यादी, सगळं तिथंच. पण पोर शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात न्यायची, हा प्रकार आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या बोर्डीत उभा राहिला, हे डहाणूतल्याही बऱ्याच जणांना माहीत नसतं. तो उभा करणाऱ्या बाईंचं नाव ताराबाई मोडक. त्यांना जाऊन आता पन्नास वर्षांहून जास्त काळ झाला.

ताराबाई काही खेड्यातल्या नव्हत्या. १९ एप्रिल १८९२ चा जन्म, माहेरच्या केळकर. घर प्रार्थना समाजाचं, सुधारकी विचारांचं. मुलींनी शिकावं की नाही यावर गावोगाव वाद चालू होते त्या काळात त्या १९१४ साली बीए झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी लग्न झालं. एक मुलगी झाली. पण संसार टिकला नाही आणि १९२१ साली त्या वेगळ्या झाल्या. आजही नवऱ्यापासून वेगळी राहणारी बाई म्हटलं की चार घरं कुजबुजतात. शंभर वर्षांपूर्वी काय झालं असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

लहान मुलगी पदरात घेऊन त्या राजकोटला गेल्या. तिथल्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात, म्हणजे शिक्षिका तयार करणाऱ्या कॉलेजात, त्या प्राचार्य झाल्या. पद मोठं होतं. पण दोनच वर्षांत ते सोडून त्या भावनगरला निघाल्या.

भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ होते. मूळचे वकील. वकिली बाजूला ठेवून लहान पोरांना शिकवायला बसले होते. गुजरातेत लोक त्यांना मिशीवाली आई म्हणायचे. त्यांनी १९२० साली बालमंदिर काढलं होतं. तिथे छडी नव्हती, घोकंपट्टी नव्हती. गोष्टी, गाणी, नाटुकली आणि हाताने करायच्या वस्तू. इटलीतल्या डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांनी लहान मुलांसाठी जी पद्धत काढली होती, ती गिजुभाईंनी आपल्याकडच्या पोरांना मानवेल अशी करून घेतली होती. ताराबाई तिथे १९२३ पासून १९३२ पर्यंत राहिल्या. १९२६ साली दोघांच्या पुढाकाराने नूतन बाल शिक्षण संघ निघाला. त्याची 'शिक्षण पत्रिका' पुढे मराठीत चालवायचं काम ताराबाईंनी केलं. १९३६ साली त्यांनी मुंबईत दादरला शिशुविहार काढलं. शहरातल्या शिकलेल्या आईबापांनी ते उचलून धरलं. नाव झालं.

इथे थांबल्या असत्या तरी चालण्यासारखं होतं. पण मॉन्टेसरी पद्धतीत एक मोठी अडचण होती, ती त्यांना दिसत होती. या पद्धतीचं सगळं काम साधनांवर चालतं. लहान-मोठ्या लाकडी ठोकळ्यांचा मनोरा, भोकात नेमके बसणारे दट्टे, मोजायचे मणी, बोट फिरवून शिकायची काचकागदाची अक्षरं. ही साधनं मापात बनवावी लागतात. तसा कारागीर पाहिजे, लाकूड पाहिजे, पैसा पाहिजे. दादरच्या पालकांना ते परवडत होतं. ज्या घरात पोराच्या अंगात सदरा नाही, तिथे हा मनोरा कोण विकत घेणार? आणि देशातली बहुतेक पोरं तर तशाच घरात होती.

म्हणून १९४५ साली, वयाच्या ५३ व्या वर्षी, जमलेलं काम मागे ठेवून ताराबाई बोर्डीला आल्या. समुद्रकाठचं गाव. आचार्य भिसे, चित्रे गुरुजी यांच्यामुळे तिथे हायस्कूल आणि शिक्षणाचं वातावरण आधीच होतं. पण अडीच-तीन वर्षांच्या पोरांसाठी शाळा असते, हे गावात कुणी ऐकलं नव्हतं. डिसेंबर १९४५ मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं.

याच सुमारास त्यांना अनुताई वाघ भेटल्या. मूळच्या पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. त्यातून शिकून पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका झालेल्या. पुण्यातली कायमची नोकरी सोडून त्या ताराबाईंबरोबर आल्या त्या परत गेल्याच नाहीत. एक आखणारी आणि एक तडीस नेणारी, अशी ही जोडी होती. दोघींच्या वयात जवळजवळ १८ वर्षांचं अंतर.

बोर्डीत पहिला धडा बायांनाच मिळाला. बालवाडी उघडली, पण गाव सगळा येईना. वरच्या आळीतली पोरं यायची, दलित वस्तीतली यायची नाहीत. सगळ्या जातीची लेकरं एका पंगतीत बसणं हेच गावाला पचत नव्हतं, आणि वस्तीतल्या आईबापांचाही त्या बोलावण्यावर विश्वास नव्हता. नुसतं पाट्या रंगवून दार उघडं ठेवलं असतं, तरी कागदोपत्री शाळा सर्वांसाठी खुली आहे असं म्हणता आलं असतं. पुष्कळ ठिकाणी तसंच चालतं. ताराबाईंनी तसं केलं नाही. पोर येत नाही ना, मग बाईने जायचं. शिक्षिका सामान घेऊन वस्तीत गेली आणि एका घराच्या अंगणात पोरं गोळा करून बसली. वेळही पोरांच्या सोयीची.

अशी दोन प्रकारची बालवाडी झाली. एक मधली, ठरलेल्या वेळेची. दुसरी अंगणातली. अंगणात शाळा भरते म्हटल्यावर आया कडेवर पोर घेऊन उभ्या राहून बघायच्या. आत काय चाललंय ते लपून राहत नव्हतं. पोरांना आधी न्हाऊ घालायचं, नखं कापायची, केस विंचरायचे, मग गाणं. पुस्तकात समाजशास्त्र हा विषय फार पुढच्या वर्गात येतो. बोर्डीतल्या पोरांना आणि त्यांच्या आईबापांना तो आधी अंगणात भेटला : कोण कुणाशेजारी बसतं, कोण कुणाच्या हातचं पाणी पितं.

आता साधनांचं. मॉन्टेसरीबाईंचं म्हणणं ताराबाईंनी सोडलं नाही. लहान पोर हाताने शिकतं, डोळ्याने, कानाने, नाकाने शिकतं. आधी वस्तू आणि मग अक्षर. एवढं मात्र त्यांनी बदललं की वस्तू गावातलीच घ्यायची. बोर्डीच्या किनाऱ्यावर शंख-शिंपले पडलेलेच असतात. लहान-मोठे लावा, रंगाने वेगळे करा, मोजा. झाडाची पानं आणा; कुठलं गुळगुळीत, कुठलं खरखरीत, कुठल्याला वास येतो. बिया, खडे, माती, बांबू, ताडाची पानं. दुकानात न जाता परडीभर साहित्य तयार. मोडलं तर रडायला नको, दुसरं उचलायचं.

यात पैसा वाचला हे खरंच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की पोराला त्या वस्तूचं नाव आधीपासून माहीत होतं. त्याच्या हातात परकी वस्तू देऊन वर परका शब्द शिकवायचा, असं दुहेरी ओझं पडलं नाही. सध्या कितीतरी वर्गांच्या भिंतीवर सफरचंदाचं आणि बर्फाच्या घराचं चित्र लटकलेलं असतं. घोलवड-डहाणूच्या चिकूवाडीतल्या पोराने बर्फाचं घर बघून काय समजायचं, हा प्रश्न ताराबाईंनी सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच सोडवून ठेवला होता.

त्या वेळचा भाग कसा होता तेही ध्यानात घ्यायला पाहिजे. त्याच १९४५ साली आजूबाजूला वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला होता. गोदावरी आणि शामराव परुळेकर तो चालवत होते. सावकार-जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायचं, कर्जापायी लग्नगडी म्हणून पिढीजात अडकायचं, असं आयुष्य. बाहेरचा कपडेवाला माणूस म्हणजे सावकाराचा, ठेकेदाराचा नाहीतर जंगल खात्याचा, हाच पाड्यावरचा अनुभव. अशा ठिकाणी दोन बाया येऊन तुमची पोरं द्या म्हणतात, तर कोण देईल?

बोर्डीत दहा-बारा वर्षं काम केल्यावर ताराबाईंना आपलं काम अजून आत न्यावंसं वाटलं. १९५७ साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर हललं. भोवती वारल्यांचे पाडे. ताराबाई तेव्हा ६५ वर्षांच्या. या वयात माणूस पेन्शनचा हिशेब करतो.

कोसबाडला अडचण वेगळी निघाली. जातीमुळे पोर थांबत नव्हतं, कामामुळे थांबत होतं. आठ वर्षांचा पोरगा सकाळी गुरं घेऊन जातो ते संध्याकाळी परत. सात वर्षांच्या पोरीच्या कमरेवर धाकटा भाऊ बसलेला, कारण आई-बाप दोघंही रोजावर. यांना शाळेत येत नाही म्हणून दंड करायचा, की आईबापांना अडाणी म्हणायचं? ताराबाई-अनुताईंनी या दोन कामांभोवतीच शाळा बांधली.

गुराख्यांसाठी कुरणशाळा काढली. गुरं जिथे चरतात तिथे मास्तर आपलं सामान घेऊन जाणार. गुरांवर नजर ठेवायची आणि शिकायचं. भिंत नाही, घंटा नाही. शिकवायचं तेही समोर जे आहे त्यातूनच सुरू करायचं : ओढा, डोंगर, गवत, गुरं, ऊन-सावली. आज तिसरी-चौथीच्या पोरांना परिसर अभ्यास म्हणून जे पुस्तक मिळतं, त्यातला परिसर इथे प्रत्यक्ष पायाखाली होता. जी मोठी पोरं दिवसभर राबत, त्यांच्यासाठी रात्रशाळा.

भाऊ सांभाळणाऱ्या पोरीसाठी जी युक्ती केली ती तर शेतकऱ्याच्या डोक्यातून निघावी तशी साधी. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ठेवली. त्याला विकासवाडी नाव दिलं. पोरीने येताना भावाला कडेवर घेऊनच यायचं. भाऊ पाळणाघरात, मधला असेल तर बालवाडीत, ती स्वतः पहिलीच्या वर्गात. रडला तर हाकेच्या अंतरावर. आईला काळजी नाही, पोरीची शाळा चुकत नाही. पोरगी घरी का राहते याचं कारण ज्याने पाड्यावर जाऊन पाहिलं असेल त्यालाच हे सुचणार.

भाषेचीही गाठ होती. पोरांच्या घरात वारली बोली, पुस्तकात पुण्या-मुंबईची मराठी. एकदम मराठी लादली की पोर गप्प होतं, आणि गप्प पोराला मास्तर मठ्ठ समजतो. म्हणून गाणी आणि गोष्टी पोरांच्या जगातल्या, त्यांच्या बोलीला धरून करायच्या आणि तिथून हळूहळू पुस्तकाच्या मराठीकडे यायचं. हे काम पुढे अनुताईंनी फार मनापासून केलं. शिवाय केंद्रात बालवाडीच्या शिक्षिका तयार करण्याचे वर्ग चालत. एक चांगली शाळा काढून दाखवणं सोपं असतं. दुसऱ्या गावात तशी चालवणारी बाई तयार करणं अवघड. ताराबाई मूळच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य, त्यामुळे ही बाजू त्यांनी कधी ढिली पडू दिली नाही.

सगळंच जमलं असं म्हणणं खोटं ठरेल. पोटासाठी कुटुंबाला घर सोडावं लागलं की पोरं आईबापांमागे जातात, मग कुरणशाळा असो नाहीतर पक्की इमारत. स्थलांतरावर टेकडीवरची दोन माणसं काय करणार? ते दुखणं डहाणू, जव्हार, मोखाड्याला अजून आहे.

१९६२ साली सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिलं. ऑगस्ट १९७३ मध्ये, ८१ व्या वर्षी त्या गेल्या.

त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने लहान मुलांसाठी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. सुरुवातीला देशभरात फक्त ३३ ठिकाणी. वस्तीत जाऊन, तिथल्याच बाईने, तिथल्याच पोरांना गोळा करायचं असं योजनेचं स्वरूप होतं, आणि त्या केंद्राला नाव मिळालं अंगणवाडी. ताराबाईंना ते बघायला मिळालं नाही. अनुताई मात्र तेव्हा कोसबाडलाच होत्या. पुढे १९९२ साली जाईपर्यंत त्या त्याच टेकडीवर राहिल्या, बोर्डीला आल्यापासून एकूण ४७ वर्षं.